जिन्याखालची जागा

घर बांधताना देवघर कोठे असावे, स्वयंपाकघराचे तोंड कोणीकडे असावे, याचा खल महिनोन्महिने चालतो. जिन्याखालच्या जागेचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. मोडकी खुर्ची, गळकी बादली, जुना पाळणा अशा वस्तू तेथे जाऊन पडतात, आणि आमच्या बेळगाव-निपाणी भागातील दुमजली घरेही याला अपवाद नाहीत.

जुन्या लोकांना जागेची किंमत अधिक कळत असे. वाड्यांच्या जाड भिंतींत कोनाडे व फडताळे काढलेली असत. कित्येक वाड्यांत जिनाही भिंतीच्या पोटातूनच वर नेलेला असे. जपानी कारागिरांनी तर एदो काळात (1603 ते 1868) पायऱ्यांखाली खण व कप्पे बसवून जिना आणि कपाट एकच करून टाकले.

ही जागा किती असते, याचे गणित विद्यार्थ्यांना सहज करता येईल. एका सरळ जिन्याला 15 पायऱ्या असून प्रत्येकीची उंची 7 इंच व रुंदी 10 इंच आहे, असे समजू. म्हणजे जिन्याची उंची 105 इंच व लांबी 150 इंच झाली. बाजूने पाहता हा काटकोन त्रिकोण होय. जिना 3 फूट रुंद असेल, तर घनफळ सुमारे 164 घनफूट भरते. जिन्याची जाडी वजा केली, तरी दोन-तीन मोठ्या कपाटांएवढी जागा हाती राहते.

आता या लांबीचे तीन सारखे भाग करावेत. निमुळत्या टोकाकडे उंची 3 फुटांहून कमी असते. तेथे चाके लावलेल्या लाकडी पेट्या ठेवाव्यात, म्हणजे वाकून आत शिरावे लागत नाही. मधल्या भागात बैठे मेज मांडून अभ्यासाला बसता येते. सर्वांत उंच भागात भिंतीलगत पुस्तकांच्या फळ्या लावाव्यात.

लहान घरात मुलाला स्वतंत्र खोली मिळणे कठीण असते. पाहुणे आले की दप्तर उचलून त्याला दुसरीकडे जावे लागते. घरातील एक कोपरा आपला असणे, ही विद्यार्थ्याच्या दृष्टीने लहानसहान गोष्ट नव्हे.

आणि पुस्तकांविषयी काय सांगावे? बेळगावात सार्वजनिक वाचनालय 1848 साली निघाले. अशा गावाच्या परिसरात घरोघरी चार फळ्यांचे ग्रंथालय असू नये काय? बेळगावच्या इंदिरा संत, जवळच्याच कोवाडचे रणजित देसाई, 'वनवास' लिहिणारे प्रकाश संत ही आपल्या अंगणातील माणसे होत. सीमाभागातील मुलांना मराठी पुस्तक हाताशी मिळणे विशेष अगत्याचे आहे. शेजारी कन्नड पुस्तकांनाही मानाची जागा द्यावी.

काही पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. आमच्याकडील पावसाळ्यात भिंती ओल धरतात. म्हणून फळ्या भिंतीपासून दोन-तीन इंच दूर व जमिनीपासून वीतभर उंच असाव्यात. भिंतींना पांढरा रंग द्यावा व दिवा पुरेसा असावा. तेथे विजेचा मीटर असल्यास कागद, कपडे व रॉकेल जवळ ठेवू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास खाली साचून राहतो. म्हणून सिलिंडर तेथे कधीही ठेवू नये. जिना अनेक बिऱ्हाडांचा असेल, तर आगीच्या प्रसंगी तीच बाहेर पडण्याची वाट असते. ती अडवू नये. जिन्याला आधार देणारी भिंत जाणकाराला विचारल्यावाचून फोडू नये.

घर मोठे करणे सर्वांनाच साधते असे नाही. आहे त्या घराचे माप घेणे मात्र कोणालाही साधेल. येत्या सुटीत विद्यार्थ्यांनी टेप घेऊन आपल्या घरातील, अथवा आजोळच्या घरातील, जिन्याखालची जागा मोजावी, कागदावर तिचा त्रिकोण काढावा आणि तो वडीलधाऱ्यांपुढे ठेवावा. भूमितीच्या तासाला शिकलेला त्रिकोण असा घरच्या उपयोगी पडला, तर त्याचा आनंद काही वेगळाच असेल.