मिरज–लोंढा मार्गावरचा जॅझ

बेळगावहून निघालेली गाडी खानापूर सोडते आणि लोंढ्याच्या आधी गुंजीला येते. स्थानक छोटे, गाव मराठी, भोवती जंगल आणि पाऊस धो धो. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू होईपर्यंत गोव्याहून रेल्वेने मुंबई गाठायची तर वाट हीच होती: मुरगाव, कॅसलरॉक, लोंढा, गुंजी, बेळगाव, मिरज, पुणे. पैसे आणि सवड पाहून काहीजण पणजीहून बोटीने जात, बाकीचे या गाडीने. या वाटेने मुंबईला गेलेल्या गोव्याच्या वादकांनी हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद उभा केला आणि मुंबईच्या हॉटेलांत जॅझ रुजवला. याच वाटेवर मिरज आहे, सतार-तंबोऱ्यांच्या कारागिरांचे गाव. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. सुराचा गोडवा आणि सुराची धार यांचा इतका बारकाईने विचार करणाऱ्या दोन परंपरा एकाच लोहमार्गाच्या दोन बाजूंना नांदल्या, ही मला या भागाची फार मोठी श्रीमंती वाटते.

गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. कागदावरचे संगीत समोर येताच वाजवता येणे, ही तिथल्या वादकाची पुंजी होती. हळदोण्याचा अँतोनियो शाव्हिएर वाझ मुंबईत ‘चिक चॉकलेट’ नावाने ट्रम्पेट वाजवू लागला. पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांनी भगवानदादांच्या ‘अलबेला’साठी (1951) त्याला सोबत घेतले, आणि मराठी घराघरांत स्विंगचा ठेका पोचला. मात्र ज्यांनी तो वाजवला त्यातल्या बहुतेकांची नावे तबकड्यांवर छापलीच गेली नाहीत.

गिटारच्या बाबतीत एक नाव ठसठशीत उरले: अमान्सियो डिसिल्व्हा. जन्म 1936, मुंबईत, गोवेकर कुटुंबात. साठच्या दशकात तो लंडनला गेला. 1969 मध्ये डॉन रेंडेल आणि इयन कार या जॅझवादकांसोबत त्याची ‘इंटिग्रेशन’ ही तबकडी निघाली. जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट याच्याबरोबरची ‘हम दोनो’ही त्याच वर्षीची. 1996 मध्ये तो गेला. ‘जयपूर’ ऐका किंवा ‘बॅलड फॉर गोवा’ ऐका, त्याचा सूर कुठेही गढूळ नाही. तो गोल आहे, पण त्यातले प्रत्येक अक्षर कळते. जॅझचा सूर लावताना नेमके हेच जमवायचे असते, आणि नेमके हेच बहुतेकांच्या हातून सुटते.

सुटते ते असे. ऊबदार सूर म्हणजे टोनचे बटण पार शून्यावर, अशी पक्की समजूत असते. टोनचे बटण फिरवले की तारेतली वरची कंपने एका छोट्या कपॅसिटरमधून जमिनीकडे वळतात. सगळीच वळवली तर धार जाते, पण तिच्याबरोबर उच्चारही जातो. मिरजेचा कारागीर सतारीची जवारी, म्हणजे तारेचा झंकार, लावताना घोडीचा माथा केसभर घासतो आणि पुन्हा ऐकतो. बंद जवारीची सतार मऊ बोलते, मुकी होत नाही. गिटारवाल्यानेही तितक्याच धीराने ऐकावे.

वाद्याचेच पाहू. आर्चटॉप गिटार आतून पूर्ण पोकळ असते. तिचा आवाज देखणा, पण अँपचा आवाज वाढला की पेटी स्वतःच थरथरते आणि घुमून ओरडू लागते. 1958 मध्ये गिब्सनने ईएस-335 काढली. पेटीच्या मधोमध मेपलचा भरीव ठोकळा, दोन्ही बाजूंना पोकळ पंख. ओरडणे आटोक्यात आले, हवेचा अंश राहिला. या गिटारची पाठ-पोट पातळ थर चिकटवलेल्या लाकडाचे असते, आणि खानापूर तालुक्याच्या दमट पावसाळ्यात अखंड फळीपेक्षा असे लाकूड कमी वाकते. तरी जुलै-ऑगस्टमध्ये गिटार भिंतीला टेकवून ठेवू नये. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात.

पहिले काम तारांचे. पातळ तारांवर जॅझ खुलत नाही, असे माझे ठाम मत आहे. पहिली तार 0.012 इंचाची, तिसरी तार गुंडाळलेली, आणि सगळा संच चपट्या पट्टीने गुंडाळलेला, म्हणजे फ्लॅटवाउंड. बोट सरकताना होणारी खरखर जाते आणि सूर मुळातच गोल निघतो. अशा तारा जुन्या झाल्या म्हणून लगेच बदलायची घाई नको, मुरल्यावर त्या अधिक छान बोलतात. मात्र जाड तारांचा ताण मानेवर येतो. तेव्हा मानेतला ट्रस रॉड, नटच्या खाचा आणि ब्रिजवरची तारेची लांबी जाणत्याकडून जुळवून घ्यावी, नाहीतर बाराव्या फ्रेटवर सूर हटकून चढा लागतो.

मग मानेजवळचा पिकअप. तिथे तार रुंद झुलते, म्हणून आवाज भरदार. पण खर्जाच्या तारा तिथे अंगावर येतात. पिकअपची खर्जाकडची बाजू स्क्रूने थोडी खाली उतरवली की गढूळपणा निम्म्याने ओसरतो. या एका स्क्रूकडे फार थोडे लोक लक्ष देतात. गिटारचा व्हॉल्यूम सात-आठवर, टोन सहाच्या आसपास, इथून सुरुवात करावी. व्हॉल्यूम कमी केला की बऱ्याच गिटारींत वरची कंपने आपोआप थोडी उतरतात, म्हणून टोनला हात लावण्याआधी हे करून पाहावे.

अँपवर लोक बास वाढवतात. उलट करा. जुन्या फेंडर घडणीच्या अँपमध्ये बास आणि ट्रेबल खाली आणि मिडल वर ठेवला की सूर सपाट, प्रामाणिक येतो, कारण त्या मंडलाचा स्वभावच मधले सूर खाण्याचा आहे. बास दोन-तीन, ट्रेबल तीन-चार, मिडल आठच्या पुढे. रिव्हर्ब चिमूटभर. गुणगुण ऐकू आली तर आधी घरातले अर्थिंग तपासा. हंबकर पिकअपच्या उलटसुलट जोडलेल्या दोन वेटोळ्यांत विजेची गुणगुण बरीच विरते, पण तुटके अर्थिंग त्याला झेपत नाही.

आणि शेवटी हात. जॅझ गिटारवादक वेस मॉन्टगोमेरी पिकऐवजी अंगठ्याने वाजवायचा. जाड पिकच्या गोल कडेनेही जवळपास तसा मऊपणा येतो. तार मानेच्या टोकाशी छेडा. कॉर्ड सहा तारांचा धरू नका. मूळ सूर बासवाल्याकडे सोपवून तिसरा, सातवा आणि वर एखादा रंगाचा सूर धरला की तीन तारांत सगळे सांगून होते. निम्मा गढूळपणा अँपमुळे नसतोच, गरजेपेक्षा जास्त सूर एकदम वाजवल्याने असतो.

मुंबईच्या रंगमंचांवर, रेकॉर्डिंगच्या खोल्यांत हे ज्ञान हातोहात फिरले. लिहून फारसे कोणी ठेवले नाही. लोंढा, खानापूर, बेळगाव कँप या पट्ट्यात ज्यांच्या घरातले कोणी बँडमध्ये किंवा सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवत होते, त्यांना माझी विनंती आहे. जुनी गिटार विकण्याआधी ती त्या वादकाच्याच हातून वाजवून घ्या आणि ध्वनिमुद्रित करा. तारा कुठल्या, बटणे कुठे, पिक कसा धरत, एवढे विचारून वहीत तारखेसह लिहून ठेवा.