विषाणू कोणत्या जनुकापाशी उतरतो?

नाकाडोंगरीपासून गडचिरोलीपर्यंत पूर्व विदर्भातल्या अनेक घरांना ‘एएस’ आणि ‘एसएस’ ही अक्षरे पाठ आहेत. एएस म्हणजे सिकलसेलचा वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. या आजारावर डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेने दोन जनुकोपचार मंजूर केले. त्यांतल्या ‘लिफजेनिया’मध्ये निरोगी हिमोग्लोबिनचे जनुक रुग्णाच्या मूळपेशींत पोहोचवतो तो एचआयव्हीपासून घडवलेला, रोग देण्याची ताकद काढून घेतलेला विषाणू.

हा विषाणू ते जनुक कुठे बसवतो, याला फार महत्त्व आहे. एचआयव्हीसारखा रेट्रोव्हायरस स्वतःच्या आरएनएवरून डीएनए तयार करतो आणि इंटिग्रेज हे विकर तो डीएनए पेशीच्या गुणसूत्रात कायमचा जोडते. सुमारे ३०० कोटी अक्षरांच्या जीनोममध्ये ही जागा निव्वळ योगायोगाने ठरत नाही. एचआयव्ही काम चालू असलेल्या जनुकांच्या आत शिरतो, हे २००२मध्ये दिसले. उंदरांच्या ल्युकेमियाचा विषाणू मात्र जनुक जिथून वाचायला सुरुवात होते, त्याच्या आसपास उतरतो, हे पुढच्याच वर्षी कळले. दोघांचे वाटाडे वेगळे: एचआयव्हीला एलईडीजीएफ हे प्रथिन नेते, दुसऱ्याला बीईटी प्रथिने.

या फरकाची किंमत पॅरिसमध्ये लहान मुलांनी मोजली. जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या बाळांना १९९९पासून उंदराच्या विषाणूतून जनुक दिले गेले. बहुतेक मुले सावरली, पण त्यांतल्या चौघांना पुढे रक्ताचा कर्करोग झाला. पहिल्या दोघांत विषाणू एलएमओ२ या जनुकाशेजारी बसला होता आणि त्याने ते जनुक भलत्या वेळी जागे केले होते. त्या धक्क्यानंतर शेजारची जनुके चेतवणारा तुकडाच कापून टाकलेले वाहक विषाणू रूढ झाले. धोका कमी झाला, संपला नाही.

हे तंत्र महाराष्ट्राला परके नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून आलेली, रक्ताच्या कर्करोगावरची ‘नेक्सकार१९’ ही उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३मध्ये भारतात मंजूर झाली. तीही अशाच वाहक विषाणूने टी-पेशींत जनुक बसवते. लिफजेनियाची अमेरिकेतली किंमत ३१ लाख डॉलर आहे. सिकलसेलसाठी असे औषध इथेच घडवण्याला दुसरा पर्याय मला दिसत नाही. पण घडवताना एक हिशेब आधीच धरावा. असा उपचार घेतलेल्या रुग्णांवर १५ वर्षे लक्ष ठेवावे, अशी अमेरिकी औषध प्रशासनाची शिफारस आहे. तुमसर तालुक्यातल्या मुलाने इतकी वर्षे रक्त तपासायला मुंबई गाठायची, हे चालणार नाही. ती सोय भंडारा-नागपुरातच हवी.