गुडघे दुखतात म्हणजे हाडं ठिसूळ नव्हेत

खुब्याचं हाड मोडलेल्या आजींना भेटायला गेलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘‘परवापर्यंत काही म्हणजे काही नव्हतं हो त्यांना.’’ ते खोटं नसतं. हाडं विरळ होताना दुखत नाहीत, सुजत नाहीत, रात्री झोपमोड करत नाहीत. ज्या दुखण्यावरून आपण ‘हाडं झिजली’ असं ठरवून टाकतो ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कशाचं असतं. आणि जिची हाडं खरोखर पोकळ होत चालली आहेत, ती ‘मला मेलीला काय धाड भरलीय’ म्हणत माळ्यावरचे डबे काढत असते.

सुरुवात गुडघ्यापासूनच करू, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. गुडघा दुखतो, उठताना कटकट वाजतो, म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या चालू होतात. पण तिथे झिजलेली असते ती सांध्यातली कूर्चा. तो संधिवाताचा एक प्रकार. वजन कमी करणं आणि मांडीचे स्नायू बळकट करणं याचा त्यात उपयोग होतो, कॅल्शियमचा नाही. हाडांचा ठिसूळपणा, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हा वेगळा आजार. दोन्ही एकाच बाईला असू शकतात, पण एकावरून दुसऱ्याचं निदान होत नाही.

‘पाठीला बाक काय, वय झालं की येतोच.’

येतो, पण नुसत्या वयानं नाही. पाठीचा ठिसूळ मणका समोरून खचला की त्याची पाचर होते आणि वरचं शरीर पुढे झुकतं. असे खचलेले मणके तीनपैकी दोघींच्या बाबतीत कुणाच्या लक्षातही येत नाहीत. कंबर धरली, बाम लावला, पंधरा दिवसांनी बरं वाटलं, विषय संपला. उंची कमी होते, नेहमीची साडी लांब पडायला लागते, निऱ्या जास्त वर खोचाव्या लागतात. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटरहून अधिक फरक पडला असेल तर मणक्यांचा एक्स-रे काढून घ्यावा. जुनी उंची आठवत नसेल तर नोकरीच्या जुन्या कागदांत कुठेतरी सापडते. तसंच मनगटाचं. पन्नाशीनंतर घरातल्या घरात हात टेकून पडल्यावर मनगट मोडलं, तर प्लास्टर काढून मोकळं व्हायचं नसतं. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडणं हे निरोगी हाडाचं लक्षण नव्हे.

‘पिशवी काढून टाकली, सुटले एकदाची.’

माझ्या मते आपल्याकडे सर्वांत महागात पडणारा समज हाच. हाड ही जिवंत गोष्ट आहे. ते सतत मोडलं जातं आणि नव्यानं भरलं जातं. इस्ट्रोजेन हे संप्रेरक या मोडण्याला लगाम घालतं. पाळी जाते तेव्हा हा लगाम सुटतो आणि पुढची पाच-सात वर्षं हाडांची झीज सर्वांत वेगानं होते. भारतात पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांपेक्षा चारेक वर्षं आधी. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयही काढले, तर इस्ट्रोजेनची हीच घट वर्षानुवर्षं न होता एका दिवसात होते. अंडाशय ठेवले तरी पुष्कळ जणींमध्ये त्यांचं काम थांबण्याची वेळ थोडी अलीकडे येते.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांचा प्रश्न २०१९मध्ये राज्यभर गाजला. सरकारनं नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीसमोर जे सर्वेक्षण आलं, त्यात ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. देशाचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास असताना! यातल्या अनेकींचं वय चाळिशीच्या आत होतं. चर्चा झाली ती मुकादमाच्या उचलीची, बुडणाऱ्या मजुरीची, खासगी दवाखान्यांची. ती व्हायलाच हवी होती. पण डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या या बायका साठीला पोचतील तेव्हा त्यांच्या मणक्यांचं काय झालेलं असेल, हे फारसं कुणी विचारलं नाही.

तेव्हा घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्जचा कागद शोधून अंडाशय काढले का, ते बघा. पाळी ४५च्या आत गेली असेल तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा. ‘हार्मोनच्या गोळ्या म्हणजे कॅन्सर’ ही भीती इथे सरसकट लागू पडत नाही. इतक्या लवकर पाळी गेलेल्या स्त्रीला, स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास अशी अडचण नसेल तर, पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन देण्याचा सल्ला सहसा दिला जातो.

आता कोवळं ऊन. सकाळी सातला गॅलरीत बसलं की ड जीवनसत्त्व मिळतं, हे आपल्या घरांत अगदी पक्कं बसलंय. ते ज्या किरणांमुळे तयार होतं ते कोवळ्या उन्हात जवळजवळ नसतात, काचेतून आत येत नाहीत, ढगांत आणि धुरात अडतात. साधारण अकरा ते तीनच्या दरम्यानचं ऊन त्यासाठी लागतं. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हाचं, असं लक्षात ठेवा. हात-पाय उघडे ठेवून वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार वेळा. मे महिन्यात विदर्भातल्या आजींनी अर्थातच हे करू नये. कातडी सावळी आणि वय जास्त असेल तर जीवनसत्त्व कमी तयार होतं, म्हणून सूर्य मुबलक असूनही आपल्याकडे कमतरता सर्रास आढळते. पुष्कळांना अखेर पुडी घ्यावी लागते. पण ६० हजार युनिटची पुडी साधारणपणे आठवड्याला एक, अशी ठरावीक आठवडेच घ्यायची असते. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षभर आणत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, भ्रम, मूत्रपिंडाला इजा असा उलटा घोळ होतो.

कॅल्शियमचा हिशेब मात्र सोपा आहे. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम, असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं २०२०चं प्रमाण सांगतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात १२०. म्हणजे नाचणीची एक मोठी भाकरी, दोन पेले दूध किंवा दही, मूठभर पालेभाजी, चटणीत तीळ, असं जमलं तर आपण बरेच पुढे जातो. साय काढलेल्या दुधात ‘सत्त्व’ राहत नाही हा समजही सोडायला हरकत नाही. सायीबरोबर चरबी जाते, कॅल्शियम दुधातच राहतं. कोकणात मांदेली काट्यांसकट कुरकुरीत तळून खातात, तेही चांगलंच.

‘कॅल्शियमनं मुतखडा होतो’ यातलं खरं एवढंच, की गोळ्यांचा अतिरेक झाला तर धोका थोडा वाढतो. जेवणातलं कॅल्शियम उलट आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, त्यामुळे दूध-दही तोडणाऱ्यालाच खडे जास्त होऊ शकतात. गोळी घ्यायचीच असेल तर साधी कॅल्शियम कार्बोनेटची जेवणाबरोबर घ्यावी. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी तिच्यात आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर ठेवावं. आपल्याकडे सकाळी सगळ्या गोळ्या एकदम तळहातावर घेण्याची पद्धत आहे. तिच्यामुळे थायरॉइडची गोळी धड शोषलीच जात नाही.

रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. रक्तात ते कमी पडायला लागलं की शरीर हाडांतून उचलतं आणि रिपोर्ट साफ ठेवतं. मोफत शिबिरातली टाचेची तपासणीही अंदाजापुरती. निदान होतं ते खुबा आणि कंबरेच्या डेक्सा स्कॅननं. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. पासष्टीनंतर ही तपासणी करावी. पाळी लवकर गेली असेल, आधी हाड मोडलं असेल, दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलं असेल किंवा आईचा खुबा मोडला असेल, तर त्याआधीच.

‘मी रोज चालते की!’ चालणं उत्तमच, पण त्यानं तोल आणि ताकद फारशी वाढत नाही, आणि खुबा मोडतो तो तोल गेल्यावर. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठबस, ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, एवढं स्वयंपाकघरातही जमतं. योगाच्या वर्गात एक पथ्य पाळावं. मणके ठिसूळ असतील तर पश्चिमोत्तानासनासारखं कंबरेतून पुढे वाकणं टाळायचं. शिक्षिकेला आधी सांगा, नाहीतर ती प्रेमानं पाठीवर हात ठेवून अजून थोडं वाकवते.

घरही जरा परक्या नजरेनं बघावं. ओली मोरी, दारातलं सरकणारं पायपुसणं, अंधारातला उंबरठा, घोट्याखाली लोळणारा गाऊन, झिजलेली स्लिपर. कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा हवा. टॉवेलची दांडी वजन पेलत नाही. रात्री लघवीला उठताना आधी कडेला मिनिटभर बसायचं. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी उठताना चक्कर येते. तसं होत असेल तर गोळी आपल्या मनानं बंद न करता डॉक्टरांशी बोलावं. मोतीबिंदू ‘अजून पिकला नाही’ म्हणून थांबायची गरज राहिलेली नाही. अंधुक दिसणं हेही पडण्याचं कारण आहे. हे सगळं आजोबांनाही लागू. खुबा मोडणाऱ्यांत तिघा-चौघांमागे एक पुरुष असतो, आणि त्यानंतर दगावण्याचं प्रमाण पुरुषांत अधिक आहे.

आणि तरीही आजी पडल्याच, तर? ‘ऐंशीव्या वर्षी ऑपरेशन सोसेल का’ असा विचार करून त्यांना घरी पलंगावर ठेवणं, हाडवैद्याकडून बांधून घेणं, हेच जास्त धोक्याचं. पडून राहिल्यानं पाठीला जखमा, न्यूमोनिया, पायात गुठळ्या अशी रांग लागते. शक्यतो ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया आणि दुसऱ्याच दिवशी आधारानं उभं करणं, हा आजचा मार्ग आहे. हृदय, मधुमेह बघून भूलतज्ज्ञ निर्णय घेतात. नुसतं वय आड येत नाही.

खुब्यात रॉड बसला की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. मूळ आजार मात्र तसाच असतो. म्हणून डिस्चार्जच्या वेळी हाड बळकट करणारं औषध लिहिलंय का, हे विचारून घ्या. आठवड्यातून एकदाची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी असेल तर ती सकाळी उपाशीपोटी, चहाबरोबर नव्हे, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. गोळी जमत नसेल तर वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं औषधही आहे. दात काढायचे असतील तर ते आधी उरकून घ्यावेत. आणि पाचेक वर्षांनी गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे डॉक्टरांना पुन्हा विचारावं.