विश्लेषण : राखेपासून काँक्रीट, सिमेंटला सुट्टी मिळेल?

जुलै २०२२ मध्ये कोराडी औष्णिक वीज केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी परिसरातील शेतांत शिरले. हीच राख सिमेंटऐवजी का वापरत नाहीत?

सिमेंटला पर्याय कशासाठी?

सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजतात. त्यासाठी इंधन जळतेच. शिवाय खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. निम्म्याहून अधिक उत्सर्जन या दुसऱ्या कारणाने होते. त्यामुळे भट्टीचे इंधन बदलूनही प्रश्न सुटत नाही. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के आहे.

राख नेमके काय करते?

दगडी कोळशाच्या राखेत (फ्लाय ॲश) सिलिका आणि ॲल्युमिना असते. सिमेंटमध्ये पाणी पडले की चुना सुटतो. त्याच्याशी राखेची अभिक्रिया होऊन काँक्रीट घट्ट होते. दुकानात ‘पीपीसी’ नावाने मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश असते.

सिमेंट पूर्ण वगळता येते?

येते. मात्र मग चुन्याचे काम कॉस्टिक सोडा, सोडियम सिलिकेट अशा रसायनांकडून करून घ्यावे लागते. हे ‘जिओपॉलिमर’ काँक्रीट. ऑस्ट्रेलियात टुवूम्बाजवळ २०१४ मध्ये सुरू झालेल्या वेलकॅम्प विमानतळावर ते मोठ्या प्रमाणात वापरले गेले.

तूस आणि बगॅसची राख चालते?

भाताच्या तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते, साखर कारखान्यांतील बगॅसच्या राखेतही असते. पण आच फार वाढली तर सिलिका स्फटिकरूप होऊन निष्क्रिय बनते. अर्धवट जळालेला कोळसा राहिला तरी दर्जा घसरतो.

अडचण कुठे आहे?

कॉस्टिक सोडा महाग आणि त्वचा भाजणारा. तो तयार करायलाही भरपूर वीज लागते. फ्लाय ॲशचे जिओपॉलिमर अनेकदा उष्णता दिल्याशिवाय लवकर घट्ट होत नाही. म्हणून बांधकामाच्या जागेपेक्षा कारखान्यात ओतलेले ब्लॉक, फरशा यांसाठी ते अधिक सोयीचे.

मग बंधाऱ्यातील राखेचे काय?

काँक्रीटला हवी असते ती धुराड्याआधी अडवलेली बारीक, कोरडी राख. पाण्यासोबत तळ्यात सोडलेली राख जाडसर, ओली आणि कमी क्रियाशील असते. ती भराव किंवा विटांसाठी वापरता येते, पण सिमेंटची जागा सहजी घेत नाही. म्हणजे राख उपयोगी पडावी, तर ती तळ्यात जाण्याआधीच कोरडी उचलली पाहिजे. खसाळ्यासारख्या गावांचा धोकाही त्यानेच कमी होईल.