आजारपणाची रजा आणि डॉक्टरांचा अहवाल
ब्रिटनमध्ये कर्मचारी सात दिवसांपर्यंत आजारी असेल, तर त्याने स्वतः दिलेली माहिती पुरते. त्यापुढे ‘फिट नोट’, म्हणजे कामासाठीच्या तंदुरुस्तीबद्दलचे वैद्यकीय प्रमाणपत्र, लागते. पण रजा लांबली म्हणून मालकाला उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून परस्पर अहवाल मागवता येत नाही. वैद्यकीय अहवालांबाबतच्या १९८८च्या कायद्यानुसार आधी कर्मचाऱ्याची लेखी संमती हवी, आणि ती नाकारताही येते. मात्र मग मालक हाती असलेल्या माहितीवरच निर्णय घेऊ शकतो. अहवाल मालकाकडे जाण्यापूर्वी वाचण्याचा हक्क मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यासाठी २१ दिवस मिळतात, चुकीचा मजकूर दुरुस्त करण्याची लेखी विनंतीही करता येते. एका चुकीच्या ओळीने नोकरी धोक्यात येऊ शकते. तिथे नोकरी करणाऱ्या वाचकांनी संमतीपत्रावर ‘अहवाल आधी पाहायचा आहे’ असे अवश्य नोंदवावे.