पोपड्यांमागचा तुरुंग

ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरीचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असेल, नाव माहीत नसेल इतकंच. लांबलचक कमानदार बोळ, दोन्ही अंगांना कोठड्यांची दारं, भिंतींना सुटलेले पोपडे आणि वरच्या झरोक्यातून उतरलेला उजेडाचा तिरका पट्टा. ‘१२ मंकीज’ या चित्रपटातलं वेड्यांचं इस्पितळ इथेच चित्रित झालं होतं. फिलाडेल्फियाच्या फेअरमाउंट अ‍ॅव्हेन्यूवरचा हा तुरुंग १८२९ मध्ये सुरू झाला आणि १९७१ मध्ये बंद पडला. आता तिकीट काढून आत जाता येतं. पडक्या इमारतींचे फोटो काढणाऱ्यांची ही पंढरीच, आणि मीही त्या वारीतला.

बाहेरून तो किल्ला वाटतो. तीस फूट उंच दगडी तट, कोपऱ्यांवर बुरूज. हा सगळा रुबाब रस्त्यावरून जाणाऱ्याला धाक वाटावा म्हणून. आतल्या कैद्याला तो कधी दिसतच नसे. वास्तुकार जॉन हॅविलँड याने सुमारे अकरा एकरांच्या आवारात मधोमध एक गोल चौक ठेवला आणि तिथून सात दिशांना सात शाखा काढल्या. चौकात उभं राहून स्वतःभोवती फिरलं की पहारेकऱ्याला सगळे बोळ टोकापर्यंत दिसत. फोटोसाठीही सगळ्यात सोयीची जागा तीच. तिथे तिवई लावायला फोटोवाल्यांमध्ये मूक चढाओढ चालते.

काम खरं सुरू होतं ते कोठडीच्या दाराशी. बहुतेक कोठड्यांत पाऊल टाकायला मनाई आहे, म्हणून उंबऱ्यावरूनच भागवायचं. दारं बुटकी. तिवईचे पाय अर्धेच उघडून, गुडघ्यावर बसून, रुंद कोनाची लेन्स चौकटीच्या आत जेमतेम सरकवायची. कोठडी साधारण आठ फूट रुंद आणि बारा फूट लांब, वर कमानी छत, आणि त्या छतात एक झरोका: कुठे गोल, कुठे अरुंद पट्टी. उजेड येतो तेवढ्याच वाटेने. झरोक्यातलं आभाळ आणि कोपऱ्यातली भिंत यांच्या उजेडात एवढी तफावत असते की एका फोटोत दोन्ही मावत नाहीत. भिंत दिसावी म्हणून शटर उघडं ठेवलं की झरोका पांढराफटक होतो. झरोका सांभाळला की कोठडी काळीठिक्कर. म्हणून एकाच जागेवरून पाच फोटो घ्यायचे, एफ ८ वर, पहिला एक पंधरांश सेकंदाचा आणि शेवटचा पंधरा सेकंदांचा, आणि घरी येऊन ते संगणकावर एकमेकांत मिसळायचे. पंधरा सेकंद म्हणजे श्वास रोखून धरायला खूप होतात. जुन्या फरशीवर शेजारून कुणी पाय आपटत गेलं की फोटो हलतो आणि सगळं पहिल्यापासून.

बोळाच्या फोटोतली गंमत वेगळी. सातव्या क्रमांकाचा विभाग दोन मजली आहे, उंच कमानीचा, एखाद्या चर्चसारखाच बांधलेला. दिवसा तिथे शाळेच्या सहली असतात, कानाला यंत्र लावून अभिनेता स्टीव्ह बुसेमीच्या आवाजातली माहिती ऐकत हिंडणारी कुटुंबं असतात, आइसक्रीमसाठी रडणारी पोरं असतात. पण शटर पुरेसा वेळ उघडं ठेवलं की चालती माणसं फोटोत उमटतच नाहीत. गर्दीतून निघालेला फोटो निर्मनुष्य येतो. या तुरुंगाचे ओसाड, एकाकी म्हणून नावाजलेले कितीतरी फोटो असेच निघालेले असणार. खोटेपणाचा आरोप मी करत नाही. माझेही तसेच आहेत.

मला खटकतात ते पोपडे. खरं तर फोटोवाल्याला हवे असतात तेच. जवळ जाऊन पाहिलं तर रंगाचे थर मोजता येतात: फिका हिरवा, त्याखाली मळकट पिवळा, त्याखाली चुना, त्याखाली दगड. कडा आत वळलेल्या, एकेक पोपडा तळहाताएवढा, आणि झरोक्याचा उजेड वरून पडत असल्यामुळे प्रत्येकाची सावली भिंतीवर खाली लोंबणारी. तिरक्या उजेडात इतकं देखणं दुसरं काही दिसत नाही. एका कोठडीत न्हाव्याची गंजलेली खुर्ची आहे. तिचा फोटो काढल्याशिवाय बहुधा कोणी घरी जात नाही.

पण यातलं काहीच तुरुंगाचं नाही. १९७१ पर्यंत माणसं इथे राहत होती, भिंती रंगवल्या जात होत्या, गिलावा दुरुस्त होत होता. त्यानंतर छपरं गळली, पाणी मुरलं, बोळांत झाडं उगवली, मांजरांनी वस्ती केली. १९८० मध्ये शहराने ही जागा विकत घेतली आणि तिचं काय करायचं यावर बरीच वर्षं खल चालला. पाडून किंवा बदलून दुकानं-घरं बांधण्याचे बेत होते. १९८८ मध्ये जाणकारांच्या एका गटाने महापौर विल्सन गूड यांच्याकडे आग्रह धरून ते थांबवले. १९९४ मध्ये इथे नियमित फेऱ्या सुरू झाल्या तेव्हा पाहुण्यांना डोक्यावर शिरस्त्राण घालूनच आत सोडत. आपण हौसेने टिपतो तो सगळा क्षय या रिकाम्या वर्षांतला आहे. तुरुंग चालू असताना तो तसा दिसत नव्हता.

तो कसा दिसत होता याची कल्पना फोटोंवरून येत नाही. इथे कैद्याला अंधारात कोंडायचं नव्हतं, एकटं ठेवायचं होतं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या विचारांचा पगडा असलेल्या फिलाडेल्फियातल्या सुधारकांचा विश्वास होता की माणूस एकांतात, बायबल आणि हाताला काम घेऊन राहिला तर आपोआप पश्चात्तापाकडे वळेल. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र कोठडी, स्वतंत्र छोटं अंगण, वरून देवाच्या नजरेसारखा उजेड. वाहत्या पाण्याची सोय अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी नव्हती तेव्हा इथे होती. सुरुवातीच्या विभागांत कोठडीला बोळाकडून दारच नव्हतं, जेवण सरकवायला फक्त एक खिडकी. कैदी आत जाई तो अंगणाच्या बाजूने. कोठडीबाहेर न्यायचं झालं तर डोक्यावर बुरखा, म्हणजे त्याला कोणी दिसू नये आणि तोही कोणाला दिसू नये. बांधकामावर त्या काळात सुमारे ७ लाख ८० हजार डॉलर खर्च झाले. एवढा पैसा ओतला तो छळासाठी नव्हे, माणूस सुधारावा म्हणून, हे मला जास्त अंगावर येतं.

चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये इथे येऊन कैद्यांना भेटला. मनाच्या या हळूहळू होणाऱ्या छळाचे वळ अंगावर दिसत नाहीत म्हणून तो शरीराच्या छळाहून वाईट, असं त्याने लिहिलं. त्याच वर्णनात एक जर्मन कैदी आहे. विणकामाच्या सुतातून रंग काढून त्याने आपल्या कोठडीच्या भिंती आणि छत इंच न इंच रंगवलं होतं, आणि सुरेख रंगवलं होतं. पोपड्यांचे थर मोजताना मला हटकून तो आठवतो.

गिलाव्याची आणखी एक गोष्ट. १९४५ च्या एप्रिलमध्ये बारा कैदी भुयारातून पळाले. त्यात नामचीन बँक दरोडेखोर विली सटन होता, म्हणून भुयारही त्याच्याच नावावर खपतं. प्रत्यक्षात ते खणणारा मुख्य माणूस होता क्लॅरेन्स क्लाइनडिन्स्ट, तुरुंगातला गिलावा करणारा कारागीर. भिंत उघडायची कशी आणि उघडलेली बेमालूम झाकायची कशी हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? भुयार जवळपास शंभर फूट लांब होतं. सटन काही मिनिटांतच पुन्हा पकडला गेला. भिंती धडधाकट आणि गुळगुळीत होत्या म्हणूनच ही लपवाछपवी जमली. आजच्या पोपड्यांत नवा गिलावा लगेच उठून दिसला असता.

मराठी वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल. इथला नमुना पाहून लंडनचं पेंटनव्हिल १८४२ मध्ये उभं राहिलं, आणि मध्यवर्ती मनोरा व सात शाखांची तीच कल्पना १९०६ मध्ये पुऱ्या झालेल्या अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये दिसते. तिथे आता तीनच शाखा उरल्या आहेत आणि राष्ट्रीय स्मारक म्हणून त्या नीट रंगवून ठेवल्या आहेत. तिथून परतलेले फोटोवाले मित्र जरा हिरमुसलेले असतात. कोठड्या स्वच्छ, भिंती सपाट, ‘काही मिळत नाही’.

ईस्टर्न स्टेटने उलट मार्ग धरला: पडझड जिथे पोचली तिथे रोखायची. छपरं दुरुस्त करायची, पाणी आत येऊ द्यायचं नाही, पण रंग नव्याने लावायचा नाही. निर्णय प्रामाणिक आहे, शिवाय तिकीटविक्रीलाही पोषक. हॅलोवीनच्या दिवसांत इथे भुताखेतांचा तमाशा भरतो. तो मला अजिबात आवडत नाही. पण छपरांचा खर्च बऱ्याच अंशी त्यातूनच निघत आला आहे, तेव्हा नाक मुरडणाऱ्याने आधी पावती फाडावी. कुख्यात गुंड अल कपोन १९२९-३० मध्ये इथे काही महिने होता. त्याची कोठडी गालिचा, रेडिओ, लाकडी फर्निचर मांडून सजवली आहे. तिच्यासमोर रांग लागते.

पहिल्या विभागात मात्र एक कोठडी १८३० च्या सुमारास असावी तशी परत केली आहे. भिंतींना पांढरा गिलावा, खाट, काम करायची जागा. लोक डोकावतात आणि पुढे सरकतात. मी तिथे सवयीने पाच फोटोंची तयारी केली आणि मीटर पाहून थबकलो. पांढऱ्या भिंतींनी झरोक्याचा उजेड कोपऱ्याकोपऱ्यात पोचवला होता. खाटेखाली सोडली तर गडद सावलीच नव्हती. एकाच फोटोत सगळं आलं. फोटो म्हणून तो अगदीच सपक आहे. कोणी इथले फोटो पाहायला मागितले तर मी हल्ली आधी तोच दाखवतो. बहुतेक जण विचारतात, ‘आणि तो पोपड्यांचा कुठाय?’