तिकिटामागची सही

मलप्पुरम जिल्ह्यातल्या परप्पनंगडी नगरपालिकेच्या हद्दीत घरोघरचा प्लॅस्टिक कचरा गोळा करणाऱ्या अकरा बायकांनी २०२३ साली केरळ सरकारच्या मान्सून बंपरचं एक तिकीट घेतलं. तिकीट २५० रुपयांचं. एवढी रक्कम एकीच्याही पाकिटात नव्हती, म्हणून काँट्री काढली. नऊजणींनी पंचवीस-पंचवीस रुपये दिले. उरलेल्या दोघींचे मिळून पंचवीस निघाले, म्हणजे साडेबारा-साडेबारा. जुलैत सोडत झाली आणि त्या तिकिटाला दहा कोटींचं पहिलं बक्षीस लागलं.

वर्तमानपत्रांनी दहा कोटींचा मथळा केला. माझी नजर मात्र त्या साडेबारा रुपयांवर अडकली. एकत्र काढलेल्या तिकिटाचं भांडण सुरू व्हायचं असेल तर ते इथूनच होतं. वाटे दहा करायचे की अकरा? ‘आम्हीही त्यात होतो ना’ असं त्या दोघी म्हणाल्या असत्या तर? तसं काही झालं नाही. दहा वाटे ठरले आणि त्यातला एक दोघींनी अर्धा-अर्धा घेतला. लेखी करार नव्हता, पण सवय होती. याआधीही त्या वर्गणी काढून तिकिटं घेत आणि एकदा लागलेले हजार रुपये त्यांनी वाटूनही घेतले होते. त्या हजार रुपयांचं मोल वकिलाला विचारा. वाद कोर्टात गेला असता तर ‘असं आमचं आधीपासून ठरलेलं आहे’ हे दाखवायला त्याहून चांगला पुरावा सापडला नसता.

बक्षीस लागल्यानंतरची खरी धावपळ तिकिटाच्या मागच्या बाजूला असते. तिथे नाव, पत्ता आणि सहीसाठी जागा असते, आणि ती एकाच माणसाला पुरेल एवढी. सही होईपर्यंत तिकीट हरवलेल्या नोटेसारखं, ज्याच्या हाती त्याचं. सही झाली की ज्याची सही त्याचं. बाकीच्यांना उभं राहायला जागा उरते ती प्रतिज्ञापत्रावर: आम्ही इतकेजण, प्रत्येकाचा वाटा इतका, रक्कम घ्यायचा अधिकार अमक्याला. हे सगळं स्टॅम्प पेपरवर, नोटरीसमोर. लॉटरी लागलेली माणसं एरवी पेढे वाटत असतील असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा ती झेरॉक्सच्या दुकानात आधारकार्डाच्या प्रती काढत असतात.

मग येतो कर. दहा कोटींतून आधी एजंटाचं कमिशन जातं, मग मुळातच तीस टक्के कापले जातात. परप्पनंगडीच्या हिशेबात दहा टक्के कमिशन आणि त्यावर तीस टक्के कर गेल्यावर सहा कोटी तीस लाख उरतात, म्हणजे पूर्ण वाट्याला त्रेसष्ट लाख आणि अर्ध्याला साडेएकतीस. अधिभाराचा हिशेब पुढे वेगळा. कागद नीट नसला तर दणका बसतो तो याच अधिभारात. पन्नास लाखांवरच्या उत्पन्नाला तो दहा टक्के असतो, दोन कोटींच्या वर पंचवीस. सगळी रक्कम एकाच्या पॅनवर चढली तर अधिभारही वरच्या पायरीचा लागतो, आणि पुढे त्याने मित्रांना पैसे दिले की प्राप्तिकर अधिकारी विचारतो, ‘हे कशाबद्दल दिले?’ म्हणून कापलेला कर कुणाकुणाच्या नावे दाखवायचा, याचा जाहीरनामा पैसे देणाऱ्या कार्यालयाकडे आधीच द्यावा लागतो. ही गोष्ट पुष्कळांना रिटर्न भरताना कळते.

कोर्टापर्यंत गेलेल्या किश्शांत माझा सगळ्यात आवडता इंग्लंडमधला आहे. एक आजीबाई, त्यांची नात आणि घरात पैसे देऊन राहणारी एक बाई अशा तिघी दर आठवड्याला रविवारच्या वर्तमानपत्रातली स्पर्धा भरत. आठ पोशाख पसंतीच्या क्रमाने लावायचे. एकाच कूपनवर तिघींचे तीन अंदाज, पण कूपन आजीबाईंच्या नावाने जायचं. टपालाचे पैसे कधी ही देई, कधी ती. १९५४च्या जूनमध्ये बक्षीस लागलं, ७५० पौंड. लागलेला अंदाज नातीचा होता. पाहुणीने आपला तिसरा हिस्सा मागितला तेव्हा आजीबाईंनी हात वर केले. हा घरगुती खेळ, यात कसला करार?

‘सिम्पकिन्स विरुद्ध पेज’ हा खटला पुढच्या वर्षी चेस्टरला चालला. न्यायमूर्ती सेलर्स यांनी घरगुतीपणाचा मुद्दा मानला नाही. तिघी मिळून खेळत होत्या, जिंकलं तर वाटून घ्यायचं असं त्यांच्यात ठरलेलं होतं आणि त्यातली एक तर कुटुंबातली नव्हतीच. पाहुणीला २५० पौंड मिळाले. हा निकाल आजही कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. त्यानंतर त्या घरात चहा कसा होत असेल, याबद्दल मात्र निकालपत्र गप्प आहे.

त्याच इंग्लंडमध्ये २००७ साली उलटा निकाल लागला. एकत्र काम करणाऱ्या तिघी बिंगो खेळायला गेल्या आणि एकीला एक लाख पौंडांहून थोडं जास्त लागलं. बाकी दोघी म्हणाल्या, दहा पौंडांवर काहीही लागलं तर वाटून घ्यायचं असं आपण ठरवलं होतं. अपील कोर्टाला त्यात करार दिसला नाही, गप्पा दिसल्या. आजीबाईंच्या घरातल्या तिघींमागे दर आठवड्याची रीत उभी होती. इथे एका संध्याकाळचं बोलणं, तेही प्रत्येकीला वेगळं आठवणारं.

अमेरिकेत न्यू जर्सीत बांधकामावरच्या एका कामगाराकडे सहकारी तिकिटाचे पैसे जमा करत. २००९ साली मोठं बक्षीस लागल्यावर त्याने पायाची शस्त्रक्रिया आहे असं सांगून काम सोडलं. नंतर बिंग फुटलं. ते तिकीट आपलं वैयक्तिक होतं हे त्याचं म्हणणं ज्युरीला पटलं नाही आणि २०१२ मध्ये पाच सहकाऱ्यांना वाटा मिळाला.

अलाबामाचा किस्सा याहून तिरका आहे. १९९९ साली एका हॉटेलात नेहमी येणाऱ्या गिऱ्हाइकाने वेट्रेस बायकांना टिप म्हणून फ्लोरिडा लॉटरीचं एकेक तिकीट दिलं. एकीला सुमारे एक कोटी डॉलरचं बक्षीस लागलं. इतर म्हणाल्या, कुणालाही लागलं तरी सगळ्यांनी वाटून घ्यायचं हे बोलणं झालं होतं. ज्युरीने त्यांचं ऐकलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं: अलाबामात जुगारावर आधारलेला करार मुळात लागूच होत नाही. बाई जिंकली. पण दरम्यान तिने कंपनी काढून निम्म्याहून थोडे जास्त समभाग आईबाप-भावंडांना दिले होते. कर खात्याने ही देणगी ठरवून कर मागितला. ‘देणगी कसली? घरात आधीपासून वाटून घ्यायचं ठरलेलं होतं,’ असा तिचा बचाव. कर न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं की असा पक्का करार दिसत नाही, आणि असता तरी अलाबामात तो लागू झाला नसता. म्हणजे सहकाऱ्यांपासून ज्या कायद्याने वाचवलं, त्यानेच पुढे बुडवलं. खटल्याची टांगती तलवार होती म्हणून समभागांची किंमत कमी धरली गेली, एवढाच काय तो दिलासा.

हे ऐकून आपल्याकडचा माणूस हसतो. हसू नये. भारतीय करार कायद्याच्या ३०व्या कलमानुसार पैजेचा करार निरर्थक असतो. त्याच्या आजूबाजूचे करार, म्हणजे भागीदारी, उसनवारी, यांचं काय? हापुडच्या दोन पेढ्यांबरोबर गव्हाचा सट्टा खेळलेल्या दोन भागीदारांत तोट्यावरून वाद झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली सांगितलं की पैज निरर्थक असली तरी बेकायदा नाही, त्यामुळे भागीदारी टिकते. पण त्याच निकालात मुंबई इलाख्याच्या १८६५च्या कायद्याचा अपवाद नोंदवला आहे. तिथे पैजेला जोडून केलेले करारही निरर्थक. महाराष्ट्र १९६९ पासून स्वतःची लॉटरी चालवतो, तिकिटावर सरकारी बोधचिन्ह असतं, तरीही वाट्याचा वाद कोर्टात गेला तर समोरचा वकील सगळ्यात आधी तो जुना कायदा बाहेर काढेल, अशी माझी खात्री आहे.

शब्द नेमके नसले तर सरकारांचीही तीच गत होते. सिक्कीमची तिकिटं घाऊक घेणारा वितरक राज्याचा एजंट की स्वतःसाठी माल घेणारा व्यापारी, यावर केंद्र आणि वितरक वर्षानुवर्षं भांडले. सेवाकर बसावा म्हणून कायद्यातल्या व्याख्या पुन्हा पुन्हा बदलल्या गेल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करारनामे वाचून सांगितलं की हा व्यवहार दोन स्वतंत्र मालकांमधला आहे, सेवाकर लागत नाही.

ऑफिसात पाच-दहाजण मिळून तिकीट घेणार असतील तर सोडतीआधी एक कागद पुरे: तिकिटाचा नंबर, सोडतीची तारीख, नावं, प्रत्येकाचे पैसे, तिकीट कुणाकडे, सगळ्यांच्या सह्या. वाटा मागताना काही नसण्यापेक्षा हा कागद बरा, आणि प्राप्तिकरासाठी तर तो हवाच. तिकिटाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावा, म्हणजे तारीख-वेळ आपोआप नोंदते. एवढं करणारे गट मी पाहिले आहेत. पण त्या दिवशी रजेवर असलेल्याचे वीस रुपये दुसरं कुणीतरी ‘नंतर दे’ म्हणून भरतंच. ते उसने होते की तो वाटा भरणाऱ्याचा झाला, हे सोडतीआधी लिहून ठेवणारा गट मला अजून भेटायचा आहे.